तीन मिलिमीटरची शीट

शीट जाड झाली म्हणून आजवर कोणी तक्रार केलेली नाही. पातळ गेली तर माल परत येतो, मेलवर मेल येतात, क्वालिटीवाल्यांची तोंडं उतरतात. जाड गेली तर गिऱ्हाईक खूश; प्लास्टिक आमचं जातं. त्यामुळे तीन मिलिमीटरची ऑर्डर असली की ऑपरेटरचा हात आपोआप ३.०८ कडे झुकायचा. ही गळती बंद करायची म्हणून आमच्या लाइनवर लेसर सेन्सर आणायचं ठरलं आणि बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कारखाना गोव्यात, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत. मी डिचोलीची, आमोण्याचा पूल ओलांडून माशेलवरून स्कूटरने येते. २०१२ साली खाणी बंद झाल्या, बाबांचा ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभा राहिला, आणि खाणीवर चिकटू या हिशेबाने आयटीआयला गेलेली मी इथे इन्स्ट्रुमेंटच्या कामाला लागले. थर्मोकपल, प्रेशर ट्रान्समीटर, लोडसेल ही रोजची मंडळी. प्रकाशाने मोजणारं यंत्र मात्र पहिल्यांदाच हातात येत होतं.

तोवर जाडी मोजायचे ते फिटरकाका. दर अर्ध्या तासाने कडेची पट्टी कापायची, पाच ठिकाणी मायक्रोमीटर लावायचा, रॅचेटचे तीन टिकटिक आवाज ऐकायचे, मग खिशातलं भिंग काढून रेघ बघायची आणि वहीत लिहायचं. पण कडेची जाडी म्हणजे मधली जाडी नव्हे, आणि अर्ध्या तासात किती शीट निघून जाते ते वेगळंच. हे काकांनाही ठाऊक होतं. तरीही खोका उघडून मी दोन सेन्सर टेबलावर ठेवले तेव्हा ते म्हणाले, "बाय, न शिवता मोजणार म्हणजे अंदाजच ना?"

अंदाज नव्हे, हे त्यांना पटवायला मला कागदावर काढून दाखवावं लागलं. सेन्सरच्या एका खिडकीतून बारीक तांबडा किरण निघतो आणि समोरच्या वस्तूवर ठिपका पडतो. शेजारच्या दुसऱ्या खिडकीमागे एक भिंग आणि प्रकाश टिपणारी पट्टी तिरकी बसवलेली असते. ती त्या ठिपक्याकडे बाजूने बघते. वस्तू जवळ आली की पट्टीवरची ठिपक्याची जागा एका बाजूला सरकते, लांब गेली की दुसऱ्या बाजूला. सरकली किती यावरून अंतर निघतं. सगळी भूमिती शाळेतल्या त्रिकोणाचीच. जाडीसाठी असे दोन सेन्सर समोरासमोर लावायचे, एक शीटच्या वर, एक खाली. दोघांमधलं एकूण अंतर ठाऊक असलं की त्यातून वरचं आणि खालचं अंतर वजा करायचं. उरते ती जाडी. काका एवढंच म्हणाले, "म्हणजे मधलं अंतर हललं की गेलं." मला तेव्हा ते वाक्य फारसं महत्त्वाचं वाटलं नाही.

लाइनवर नेण्याआधी टेबलावर चालवून बघायचं ठरवलं. लग्नाला तीन महिने झाले होते. लाइनवर जाताना मी चुडा काढून ठेवायची, कारण रोलांजवळ बांगडी म्हणजे हात घालवायचं निमित्त. पण वर्कशॉपच्या टेबलाशी कोण काढतो? सेन्सरखाली पांढरा कागद सरकवताना हात किरणाच्या वाटेत आला आणि हिरव्या काचेवरून एक तांबडी रेघ उडून समोर उभ्या असलेल्या हेल्परच्या शर्टावर, तिथून गळ्यावर, तिथून गालावर गेली. अर्धा सेकंदसुद्धा लागला नसेल. तो हसला, मीही हसले, पण मग मॅन्युअलमधली सुरुवातीची पानं, जी मी सरळ ओलांडली होती, ती नीट वाचायला बसले.

लेसरच्या धोक्याच्या वर्गवारीत तो सेन्सर वर्ग २ चा होता. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, ताकद १ मिलिवॉटच्या आत. चुकून डोळ्यात गेला तर पापणी साधारण पाव सेकंदात मिटते आणि तेवढ्यात इजा होत नाही, या हिशेबाने हा वर्ग ठरवलेला आहे. म्हणजे मुद्दाम टक लावून बघितलं तर ते संरक्षण संपलंच. भिंग किंवा दुर्बीण लावून किरणाकडे बघणंही टाळायचंच. त्या दिवसापासून टेबलावरसुद्धा बांगडी, अंगठी, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ काढूनच काम करायचं ठरवलं, आणि किरण जिथे संपतो तिथे काळा मॅट रंग दिलेला पत्रा उभा केला.

वायरिंगवर फार लिहिण्यासारखं नाही, पण दोन गोष्टी सांगते. तपकिरी वायर २४ व्होल्ट आणि निळी शून्य, इथपर्यंत बहुतेक सेन्सरांचं एकमत असतं. पुढच्या रंगांचं कंपनीगणिक वेगळं, तिथे सवयीने हात चालवू नये. दुसरं म्हणजे सिग्नलची केबल. माझी पहिली केबल मोटरच्या ड्राइव्हच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेली, कारण ट्रे आयता होता. लाइन बंद असताना रीडिंग दगडासारखं स्थिर, मोटर सुरू झाली की शेवटचे दोन आकडे थरथरायला लागायचे. मग शिल्डेड, म्हणजे धातूच्या जाळीचं कवच असलेली केबल वेगळ्या पाइपातून नेली, शिल्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केली, आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह ज्या सप्लायवर होते त्यावरून सेन्सर काढून त्याला स्वतःचा सप्लाय दिला. थरथर गेली.

आउटपुट ४ ते २० मिलिअँपिअर. सेन्सरचा मोजायचा पल्ला २० मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला ०.८ मिलिअँपिअर. शून्याऐवजी चारपासून सुरुवात करण्यात शहाणपण असं की वायर तुटली तर करंट शून्यावर येतो आणि पीएलसीला, म्हणजे लाइन सांभाळणाऱ्या कंट्रोल संगणकाला, कळतं की गडबड आहे. हे मला आधीपासून माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की समोर वस्तूच नसेल तर सेन्सरने काय करायचं, हे सेटिंगमध्ये आपण ठरवायचं असतं. आमच्या सेन्सरला कंपनीकडूनच 'शेवटचं रीडिंग धरून ठेव' असं सांगितलेलं होतं. पहिल्या आठवड्यात एकदा शीट तुटून खाली गोळा होत होती आणि स्क्रीन निवांत ३.०० दाखवत होती. ऑपरेटर स्क्रीनकडे बघत होता, शीटकडे नाही. काकांनी वास आला म्हणून येऊन बघितलं. त्या संध्याकाळी मी ते सेटिंग बदललं; ठिपका हरवला की करंट हद्दीबाहेर गेला पाहिजे आणि भोंगा वाजला पाहिजे.

दोन्ही ठिपके एकमेकांच्या बरोबर समोर आणणं हे खरं कसबाचं काम. वरचा ठिपका एका जागी, खालचा एक मिलिमीटर बाजूला, आणि शीट जराशी तिरकी झाली की खोटी जाडी दिसायला लागते: एक मिलिमीटरचा फरक आणि दोन अंशांची तिरप, तर ०.०३५ मिलिमीटरची चूक. आम्हाला मुभा सगळी मिळून ०.१ ची. मी बटर पेपरचा तुकडा चौकटीत ताणून दोन सेन्सरांच्या मध्ये धरला. कागद पातळ, त्यामुळे खालचा ठिपकाही वरून अंधुक दिसतो. बाजूने बघत, किरणाच्या रेषेत डोकं न नेता, खालच्या सेन्सरचे बोल्ट पाव-पाव आटा फिरवत गेले. दोन ठिपके, मग एक लांबट ठिपका, मग एक गोल. हे करताना दुपारचा चहा गार झाला. बोल्ट आवळला की ठिपका परत हलायचा, म्हणून आवळताना तो किती सरकणार याचा अंदाज घेऊन आधीच तेवढा उलट्या बाजूला ठेवावा लागला.

मग झिरो मारायची, म्हणजे माहीत असलेल्या जाडीवर रीडिंग जुळवायची वेळ. क्वालिटीवाल्यांकडून तीन मिलिमीटरचा स्लिप गेज (अचूक जाडीचा ठोकळा) मागून आणला, मखमली डबीतला, बोट लावायचं नाही अशा सूचनेसह. मध्ये ठेवला तर रीडिंग २.७, ३.४, मध्येच काहीच नाही. मला वाटलं, सेन्सर गेला. गेला नव्हता. स्लिप गेज आरशासारखा घोटलेला असतो, प्रकाश एकाच दिशेला फेकतो; सेन्सरला हवा असतो सगळीकडे विखुरणारा ठिपका. शेवटी टूलरूमने पोलादाचा एक तुकडा ग्राइंड करून दिला, वरून किंचित मॅट. काकांनी त्याला मायक्रोमीटर लावला, भिंगातून बघितलं आणि खडूने त्यावर लिहिलं: ३.००२. तो आमचा मास्टर पीस. सुरू केल्याबरोबर झिरो मारायचा नाही, अर्धा तास सेन्सर तापू द्यायचा, हे मॅन्युअलमध्ये होतं आणि ते आम्ही पाळलं.

आणि तरीही दुपारी आकडे घसरायला लागले.

सकाळी आठला स्क्रीन आणि मायक्रोमीटर जुळायचे. तीन वाजता स्क्रीन म्हणायची ३.००, काकांचा मायक्रोमीटर म्हणायचा ३.०७. रोज. ऑपरेटर बिचारा स्क्रीन बघून शीट जाड करत होता. ज्या गळतीसाठी हा सगळा खटाटोप, ती दुपारच्या शिफ्टला परत सुरू. काका काही बोलायचे नाहीत, वही माझ्यासमोर ठेवायचे. ते जास्त लागायचं.

मी आधी उन्हाला धरलं. छपरात दोन पारदर्शक पत्रे आहेत, मे महिन्यात त्यातून उन्हाचा पट्टा मशीनवर येतो आणि सेन्सरच्या ठिपक्यावर ऊन पडलं तर त्याला त्रास होऊ शकतो. पुठ्ठ्याचा आडोसा केला. फरक नाही. मग सेन्सर विकणाऱ्याला फोन. तो म्हणाला, माउंटिंग बघा. फोन ठेवून मी त्याला चार शब्द मनातल्या मनात ऐकवले, कारण माउंटिंग मी स्वतः केलं होतं आणि बोल्ट हलत नव्हते.

चौथ्या दिवशी काका दुपारचं जेवून आले, सेन्सरच्या चौकटीच्या उभ्या खांबावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. "बाय, हा तापलाय." चौकट ॲल्युमिनियमची, हलकी म्हणून घेतलेली, आणि गरम शीटपासून वीतभर अंतरावर. लेथवर होते त्या काळात गरम नग कधी मोजत नसू, थंड होऊ द्यायचा, असं ते सांगायला लागले आणि मी तोवर कॅल्क्युलेटर काढला होता. एक मीटर ॲल्युमिनियम एका अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं. आमचा खांब ४०० मिलिमीटर. सकाळ ते दुपार चौकटीचं तापमान मोजलं तर ८ अंशांचा फरक. गुणाकार केला: ७४ मायक्रॉन, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. वरचा सेन्सर तेवढा वर उचलला जात होता. मधलं अंतर वाढलं, पीएलसीला ते ठाऊक नाही, म्हणून शीट पातळ वाटत होती. 'मधलं अंतर हललं की गेलं' हे काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते त्यांनी मला आठवण करून दिलं नाही, मीच आठवलं.

पोलादाची चौकट केली असती तर वाढ साधारण निम्मी झाली असती, संपली नसती. म्हणून दोन गोष्टी केल्या. चौकट कटरच्या बाजूला, शीट बरीच थंड होते तिथे हलवली. आणि तिला खाली रूळ दिले, म्हणजे शीटवरून बाहेर ओढता येते. बाहेर मास्टर पीस कायमचा बसवलेला. दर तासाला चौकट बाहेर, मास्टरवर रीडिंग, पीएलसी स्वतःच फरक दुरुस्त करतो, चौकट परत आत. मिनिटभराचं काम. तेव्हापासून वहीतले दोन रकाने दिवसभर जवळपास सारखे राहिले.

काळ्या शीटची ऑर्डर आली तेव्हा नवी अडचण. काळा, चकचकीत पृष्ठभाग प्रकाश गिळतो. जो थोडा परततो तो आरशासारखा भलतीकडे जातो. रीडिंग तुटक यायला लागलं. विक्रेत्याने जास्त ताकदीचे सेन्सर दिले, वर्ग ३आर, मर्यादा ५ मिलिवॉट. दिसायला ठिपका थोडासाच जास्त लख्ख, पण इथे पापणीच्या भरवशावर राहायचं नसतं.

मला धास्ती होती ती खालच्या सेन्सरची. वरच्याचा किरण जमिनीकडे जातो, खालच्याचा सरळ छताकडे. शीट मध्ये असेल तोवर तो झाकलेला. शीट नसेल तेव्हा जो वाकेल त्याच्या तोंडावर. आणि चौकट कमरेच्या उंचीला, म्हणजे वाकायलाच बोलावणारी. नवे सेन्सर बसवून दोन दिवस झाले असतील, रीडिंग जरा अडखळत होतं, मी पॅनेलशी होते. वळून बघते तर काका चौकटीवर ओणवे, हातात भिंग, खालच्या सेन्सरच्या खिडकीवर धूळ बसलीय का बघायला निघालेले. शीट मध्ये नव्हती. मी "काका!" म्हणून ओरडले ते इतक्या जोरात की प्लास्टिक वितळवून शीट काढणाऱ्या एक्स्ट्रूडरचा ऑपरेटरसुद्धा थांबला. काकांनी मान मागे घेतली. भिंग अजून डोळ्याला लागलं नव्हतं.

ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, आणि मी सगळ्यांसमोर ओरडले. पण चूक त्यांची नव्हतीच. लेसर बंद करायची वायर सेन्सरला होती, मी ती जोडून ठेवली होती आणि तिचा स्विच पॅनेलच्या आत लपलेला होता. तिसऱ्या दिवशी चौकटीवरच चावीचा स्विच आणला. चावी फिरवून काढली की दोन्ही लेसर बंद, सेन्सरचा सप्लाय मात्र चालू. शीट तुटल्याचा सिग्नलही त्याच वायरीत घेतला, म्हणजे शीट नसेल तर किरणही नाही. चौकटीला दोन्ही बाजूंनी पत्र्याची झडप, आतून मॅट काळी. इशाऱ्याची पिवळी पट्टी इंग्रजीत होती. तिच्याखाली मराठी, कोकणी आणि हिंदीत लिहून लावलं, कारण लाइनवरचे निम्मे लोक बाहेरच्या राज्यांतले आहेत. किरणाच्या रेषेत बघू नये, भिंग लावू नये, चावी काढल्याशिवाय झडप उघडू नये. सेन्सर उघडून दुरुस्त करायचा प्रयत्न कोणी करू नये हेही लिहिलं, कारण आमच्याकडे सगळ्यांना सगळं उघडून बघायची सवय आहे. चावी काकांच्या खिशात, भिंगाच्या शेजारी. हे मी मुद्दाम केलं. खिडकी पुसायची तर चावी मागायला त्यांच्याकडेच जावं लागतं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि सोमवार सकाळच्या तक्रारी सुरू झाल्या. रविवारी लाइन बंद, सेन्सर थंड, गोव्याची जूनमधली हवा. सोमवारी खिडकीवर दव. सेन्सर आयपी ६७ होता, म्हणजे पाणी आत जात नाही, पण बाहेरून काचेवर बसलेल्या थेंबांना त्याचं काय? प्रकाश तिथेच फाटतो. हवेचा झोत द्यावा म्हणून कॉम्प्रेसरची नळी लावली आणि तासाभरात खिडकीवर तेलाचा तवंग. कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी दोन्ही असतं, हे रोज फिल्टर रिकामे करणाऱ्या मला कळायला नको होतं का? बारीक फिल्टर बसवून मग झोत दिला. आणि रविवारी सप्लाय बंद करायचा नाही, फक्त चावी काढायची. सेन्सर स्वतःच्या उबेवर कोरडा राहतो. पुसायला धागे न सुटणारं कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. कोरडं कधी पुसायचं नाही, धूळ काचेवर ओरखडे काढते. शर्टाच्या टोकाने तर मुळीच नाही.

चतुर्थीला कारखाना पाच दिवस बंद होता. परत आलो त्या सकाळी चावी लावली, अर्धा तास थांबलो, मास्टरवर चौकट आणली. रीडिंग ३.००, ३.०१, मध्येच ३.३, परत ३.००. केबल बघितली, दव नाही, तेल नाही. चावी काढली, झडप उघडली, टॉर्च तिरका मारला. खालच्या सेन्सरपासून चौकटीच्या कोपऱ्यापर्यंत कोळ्याचा एक धागा, झोताच्या हवेत हलत. काकांनी कानातल्या काडीने तो गुंडाळून काढला, कोपरा पुसला, चावी लावली. स्क्रीनवर ३.००. त्यांनी पट्टी कापून मायक्रोमीटर लावला, तीन टिकटिक, भिंगातून बघितलं आणि वहीत दोन्ही रकाने भरले.